काचेचे चार बोल्ट

अनंता, तू गेलास म्हणून तुझं म्हणणं बरोबर ठरत नाही.

हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण गेले पंधरा दिवस मुरबाडला तुझ्या ओट्यावर येणारा प्रत्येक माणूस मला एकच सांगतो आहे, की अनंतानं कधी कुणाशी वाद घातला नाही. मी मान खाली घालून शेजारच्यांनी आणलेला चहा पितो. माझ्याशी तू आठ वर्षं वाद घातलास. एकाच गोष्टीवरून. तू हरला नाहीस आणि मी तुला जिंकू दिलं नाही. तो वाद अर्धा टाकून तू गेलास. आता रीत अशी की गेलेल्या माणसाचंच सगळं खरं होतं असं म्हणायचं आणि विषय संपवायचा. मी तुझा मामेभाऊ. नदीवर पाणी दिलं, नमस्कार केला, डोळे पुसले. वाद मात्र देणार नाही.

मुद्दे तुला पाठ आहेत. तरी पुन्हा मांडतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की मास्तरनं एकतर्फी लिहिलं. मी मास्तर नाही, शहापूरच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे, हे तुला हजारदा सांगून झालं. तुझ्या मते पुस्तकांची हजेरी घेतो तोही मास्तरच.

तर गाड्या दोन. एकाच कंपनीच्या. इंजिन तेच, सांगाडा तोच, सायलेन्सरचा आवाजही तोच. पहिली साधी क्रूझर. बसकी, पुढे काही नाही, मागे काही नाही. हँडल धरलं की समोर रस्ता आणि छातीवर वारा. दुसरी तिचीच टुरिंग. पुढे हनुवटीपर्यंत येणारी काच, मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना कुलपाच्या डिक्क्या, मागे बसणाऱ्याच्या पाठीला टेकण. एवढं सगळं अंगावर घेतल्यामुळे ती जड. उभी करून वळवायची तर भाताची अर्धी गोणी जास्त ओढल्यासारखं वाटतं. शोरूममधल्या माणसानं मला फरक एका वाक्यात सांगितला होता, "सर, एक आवडीची, एक उपयोगाची." तेव्हा ते मला पूर्ण पटलं होतं.

तुला पहिली हवी होती. काळी.

लाळ-खुरकुताच्या लसी टोचायचे दिवस होते. तू गुरांच्या सरकारी दवाखान्यातला परिचर. कागदावर परिचर, पण म्हसा गावापासून सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत पाड्यापाड्यावर लोक तुला डाक्टरच म्हणायचे. तुला रजा मिळेना, म्हणून कल्याणला जाऊन गाडी नोंदवायचं काम माझ्याकडे आलं. फोनवर तू बजावलंस, "काळी, बसकी, पोस्टरवरची. कळलं ना? जास्ती वाचत बसू नको."

मी वाचत बसलो. दोन्ही गाड्यांची माहितीपत्रकं आणली आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. मग तुझ्या फेऱ्या डोळ्यांसमोर आणल्या. खांद्याच्या पिशवीत लसींचा बर्फाचा डबा, दोर, साबण, सलाइनच्या बाटल्या. मागच्या सीटवर आत्या, म्हणजे तुझी आई, एका हातानं दुखरा गुडघा आणि दुसऱ्या हातानं तुझा शर्ट पकडून बसलेली. किन्हवलीच्या रस्त्याला दिवस मावळताना खाचरांतून चिलटं उठायची आणि तू एक डोळा मिटून गाडी हाकायचास. उजवा रकाना भरत गेला. डाव्या रकान्यात शेवटपर्यंत एकच ओळ राहिली, 'अनंताला आवडते.' मी टुरिंग नोंदवली, मरून रंगाची. तुला सांगितलं नाही. हा माझा गुन्हा आणि तो मी कधी नाकारलेला नाही.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी तू दवाखान्यातून परस्पर येणार होतास, म्हणून आत्याला मी पुढे नेलं. तू पोचायच्या आत तिनं हळदकुंकू वाहिलं, टाकीवर स्वस्तिक काढलं, पुढच्या चाकाशी नारळ फोडला. तू आलास आणि दारातच थांबलास.

"मास्तर, ही काय रे म्हशीला झूल घातलीस?"

"उपयोगाची आहे," मी म्हणालो.

"उपयोगाचा तर टेम्पो पण असतो. टेम्पो का नाय आणलास?"

शोरूमचे लोक समजूतदार होते. थोडे दिवस थांबा, बदलून देतो म्हणाले. तू हो म्हणणार, तेवढ्यात आत्या बोलली, "पूजा झालेली गाडी परत देत नाय रे. लक्ष्मी हाय ती. फोडलेला नारळ काय चिकटवनार हायस?"

संपलं. आत्यापुढे तुझं कधी काही चाललं नाही. नारळाची एक कवड तू मला दिलीस, दुसरी स्वतः चावत बसलास, आणि मुरबाडला पोचल्यावरही माझ्याशी बोलला नाहीस. आत्या मात्र टेकणाला पाठ लावून, पदर खोचून, दोन्ही हात मोकळे सोडून बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत होती. मी मागून जीपमधून पाहत होतो. तो माझा पहिला मुद्दा, आणि त्याला तुझ्याकडे कधीच उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू काच काढलीस. चार बोल्ट, एक पान्हा, पाच मिनिटं. डिक्क्या काढता येईनात, टेकणाला आत्या हात लावू देईना, म्हणून काच. त्यानंतर आठ वर्षांत ती गाडी काचेसकट मी एकदाही पाहिली नाही. काच कुठे आहे विचारलं की तू म्हणायचास, "गोठ्यात टांगलीय. गाय तिच्यात तोंड बघते."

सूड तू वर्षाच्या आत घेतलास. मी सापगावात राहतो, शाळा शहापुरात. मला जाण्यायेण्यापुरती एक जुनी स्कूटर हवी होती आणि ती बघायचं काम मी भोळेपणानं तुला सांगितलं. म्हसाच्या जत्रेत गुरांच्या बाजारात तुझी ड्यूटी होती. तिथे बैलांच्या एका व्यापाऱ्याकडे काळी क्रूझर उभी होती. तू तिचा सौदा बैलाचा करतात तसा केलास. पंचाखाली दोघांचे हात, बोटांनी बोली, आणि तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा. मला हे तुझ्या दवाखान्यातल्या लोकांनी सांगितलं, तू तर गाडीचे दातसुद्धा बघितले असशील. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात होती. टाकीवर स्वस्तिक, आरशाला झेंडूची माळ, हँडलला नारळाची शेंडी बांधलेली.

"पूजा झालीय," तू म्हणालास. "परत देता येत नाय."

माझी बायको हसून हसून पायरीवर बसली. मी हसलो नाही. मग तू गेल्यावर हसलो.

अशी ती गंमत झाली. टुरिंगची बाजू घेणारा मी काळ्या क्रूझरवर, आणि क्रूझरसाठी जीव टाकणारा तू टुरिंगवर. अदलाबदल करणं दोन मिनिटांचं काम होतं. किल्ल्या एकमेकांच्या हातात द्यायच्या, बस. पण किल्ली आधी जो पुढे करील तो हरला, हे आपल्याला न बोलता ठाऊक होतं. आठ वर्षं कुणाचा हात खिशाबाहेर आला नाही. कुणाला सांगितलं तर हसतील. पंचेचाळिशीला आलेली दोन माणसं.

माळशेजला गेलो होतो ते आठवतं? तू पुढे, मी मागे. घाटाच्या वरच्या वळणावर वारा आडवा आला, तशी तुझी गाडी डिक्क्यांसकट हातभर बाजूला सरकली. माझी नुसती थरथरली. तू बाजूला घेऊन थांबलास. चेहरा उतरलेला होता. माझ्या गाडीच्या टाकीवर तळवा ठेवलास, गुरांच्या मानेवर ठेवतोस तसा, आणि बराच वेळ काढला नाहीस.

"बग. अंगावर काय नसलं की वारा पण सोडून देतो," तू म्हणालास.

तो मुद्दा तुझा. मी वहीत लिहून ठेवला आहे.

पण सिद्धगडाच्या पायथ्याचा दिवसही लिहून ठेवला आहे. शाळेला सुट्टी होती म्हणून मी तुझ्याबरोबर आलो होतो. पाड्यावरची गाय सकाळपासून अडली होती. तू डिकी उघडलीस आणि त्यातून दोर निघाला, साबण निघाला, धुतलेली चादर, आयोडीनची बाटली, वर हात पुसायला वेगळा पंचा. सगळं कोरडं, जागच्या जागी. तास-दीड तासानं वासरू बाहेर आलं. घरधनीण वासराच्या नाकातलं पुसत होती आणि तू कोपरापर्यंत हात धूत होतास. मी नुसता डिकीकडे बघत होतो.

"बोलू नको," तू म्हणालास.

"मी काही बोललो का?"

"तुझं तोंड बोलतंय. गोणपाटात पन राहिलं असतं हे सगळं."

"भिजलं असतं."

"भिजलं असतं तर वाळलं असतं. मास्तर, तुला वासरू नाय दिसत, डिकी दिसते."

ती बाई आपल्या दोघांकडे बघत होती. हे दोघे भांडतायत की काय, असा तिचा चेहरा. मग तिनं दोघांनाही गुळाचा चहा दिला. पहिला कप तुला.

आणि हो, त्या आठ वर्षांत दोनदा तू मला काचेचे बोल्ट आणायला सांगितलेस. मुरबाडला तसे मिळत नाहीत, शहापुरात बघ म्हणालास, डोकी झिजलीत. मी दोन्ही वेळा आणून दिले. गोठ्यात टांगलेल्या काचेचे बोल्ट कशानं झिजतात, हे मी विचारलं नाही. दिवसभर पुस्तकं वाचणारा माणूस मी, पण चार बोल्ट मला वाचता आले नाहीत.

आता त्या रविवारचं लिहायला हवं. इतके दिवस टाळलं.

श्रावण सरत आला होता. सापगावच्या पुलाजवळ आपली नेहमीची चहाची टपरी. तू सरळगाव, किन्हवली करत आलास. पाऊस सारखा होता. गाडीला काच नव्हती. रेनकोटच्या गळ्यातून पाणी आत गेलेलं, शर्ट छातीला चिकटलेला. उतरताना डावा पाय जपून टेकलास. चपलेत पावलाला प्लास्टिकची पिशवी बांधली होती.

"काय झालं?"

"गोठ्यात पत्रा लागला. काय नाय."

मी म्हणालो, "डॉक्टरला दाखव. गोठ्यातलं पाणी, गुरांचं मूत, त्यात उघडी जखम. लेप्टो होतो."

"लोकांना लेप्टो मी सांगतो. तू मला सांगतोस?"

"म्हणूनच सांगतो. गोळ्या घे."

"मास्तर," तू खुर्ची ओढत म्हणालास, "एकदा तुझं ऐकलं. त्याच्यावर बसूनच आलोय, बग ती उभी हाय. परत नाय ऐकायचं."

आपण दोघेही हसलो. टपरीवाला हसला. मी दुसरा चहा सांगितला आणि विषय गाडीवर गेला. मी म्हणालो, काच असती तर छाती कोरडी राहिली असती. तू म्हणालास, काचेवर पाणी साचतं, पुढचं दिसत नाय, वायपर लावून देतोस काय? हा तुझा शेवटचा मुद्दा. चांगला होता. त्याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही, घरी गेल्यावर सुचलं. काचेतून बघायचंच नसतं अनंता, तिच्या वरून बघायचं असतं. ती हनुवटीपर्यंत असते ती त्यासाठीच. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं.

बुधवारी तुला ताप आला. दोन दिवस तू तो साधा धरलास. शनिवारी कल्याणला नेलं तोवर किडन्या थांबल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. पुढचा रविवार आला, तू आला नाहीस.

गोळ्या घे, हे मी एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. एवढंच आहे ते. पंधरा दिवस मी या एका गोष्टीभोवती फिरतो आहे. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस का? बहुतेक नाही. पण माझं एकदा ऐकल्याची थट्टा आपण इतकी वर्षं केली, की खरंच ऐकायची वेळ आली तेव्हा हाताशी तीच थट्टा होती, आणि मी तिच्यावर हसलो. तुझ्यावरही मी चिडलो आहे, हे लपवत नाही. दुसऱ्याच्या गोठ्यात एखादं जनावर लंगडलं तर तू पावसात दहा कोस जायचास. स्वतःच्या पायाला प्लास्टिकची पिशवी.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर बैठक बसली. दाजीकाका, तुझे थोरले चुलते, मधोमध. सुगंधावहिनी, तुझी बायको, दाराच्या आत, उंबऱ्याशी. विषय गाडीचा. भिवंडीकडचं कुणी गिऱ्हाईक काकांनी परस्पर ठरवलं होतं. त्याला गाडी साधी करून हवी होती. काच नको, डिक्क्या नकोत, टेकण नको. गंमत बघ, तू आयुष्यभर मागितलीस तशी ती गाडी तू गेल्यावर होणार होती.

"दारात नको ती," काका म्हणाले. "तिनंच नेला त्याला. पावसापान्यात भिजत फिरला तिच्यावर. मास्तर, तू शिकलेला हायस, तूच सांग सुनबाईला."

तुला माहीत आहे, चार माणसांत माझा आवाज निघत नाही. शाळेत वर्गणी जमवायला सांगितलं तरी मी चिठ्ठी लिहून फिरवतो. पण त्या दिवशी मी उभा राहिलो. बसून बोलता आलं असतं, का उभा राहिलो कळत नाही.

"काका, गाडीनं नेलं नाही," मी म्हणालो. "पावसानंही नाही. पायाच्या जखमेतून रोग शिरला, तो गोठ्यातल्या पाण्यातून आला. हा पुस्तकातला रोग आहे, त्याला नाव आहे. गाडी अपशकुनी म्हणून विकायची असेल तर मी ते होऊ देणार नाही. आणि भिजण्याचंच म्हणाल, तर त्यानं काच काढून ठेवली म्हणून भिजला. काच असती तर—"

"काच होती की," वहिनी आतून म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"काच होती, भावजी. रोज असायची. पहिल्या पावसाळ्यातच लावली परत, आईंना वारा लागतो म्हणून. मग आई गेल्या तरी ठेवली. डोळ्यात काय जात नाय म्हणायचे." ती बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुमचा फोन आला, येतोय म्हणून, नायतर टपरीवर यायचं असलं, की पान्हा घेऊन बसायचे. मी म्हनायची, अहो लाज वाटू द्या. तर म्हनायचे, मास्तरला कळता कामा नये, लय फुशारेल."

कुणीतरी हसलं. काकाच असावेत. मी उभाच होतो.

"त्या रविवारी पन काढली," ती म्हणाली. "पाय दुखत होता तरी उकिडवे बसून. मी म्हटलं, आज पाऊस हाय, राहू द्या. नाय ऐकलं."

गाडी पंधरा दिवस गोठ्याशी ताडपत्रीखाली झाकलेली होती; मी ओट्यावरून उतरलो आणि ताडपत्री ओढली. काच लावलेली होती. कल्याणला न्यायच्या आदल्या दिवशी, ताप अंगात असताना, तू ती परत लावली होतीस, असं वहिनीनं मागून सांगितलं. चारही बोल्टची डोकी गोल झाली होती. मी आणलेले बोल्ट. पान्हा बसून बसून त्यांचे कोपरे गेले होते. आठ वर्षांत आपण किती वेळा भेटलो असू, तेवढ्या वेळा ते निघाले आणि तेवढ्या वेळा बसले. तू माझ्यासाठी तीसेक किलोमीटर पावसात उघड्या छातीनं आलास, फक्त मी जिंकू नये म्हणून.

भिजल्यानं लेप्टो होत नाही, अनंता. हे मी वाचलं आहे, आणि पुन्हा दोन ठिकाणी तपासून पाहिलं आहे. मी या वाक्याला घट्ट धरून बसलो आहे आणि ते सोडणार नाही. तू भिजलास माझ्यामुळे, गेलास त्यामुळे नाही. काका काही म्हणोत, मलाही पहाटे जाग आल्यावर काहीही वाटो.

मग मी किल्ली मागितली. म्हटलं, एक चक्कर मारतो. आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्या गाडीवर बसलो, काचेसकट. म्हसाच्या रस्त्याला लागलो, थोडा वेग दिला, आणि माझ्या वहीतला सगळा उजवा रकाना पुसला गेला. मी तुझ्याहून वीतभर उंच. काचेवरून चढलेला वारा सरळ माझ्या तोंडावर आदळायला लागला. हेल्मेट हलायला लागलं, कानांत नगारे. खाली वाकलो तर काचेतून बघावं लागे, ताठ बसलो तर थपडा. तू बुटका, तुझ्या डोक्यावरून तो वारा अलगद निघून जात असणार. ती काच तुझ्या हनुवटीला बरोबर येते. मी त्या दिवशी निवडताना स्वतःला त्या सीटवर बसवून बघितलंच नव्हतं, तुला बसवलं होतं.

आणि काळी? काळीवर माझे लांब पाय पुढे सरळ पोचतात. दिवसभर कपाटांच्या मधल्या बोळात उभा असतो मी, जुन्या कागदाचा वास नाकात घेऊन. संध्याकाळी सापगावच्या पुलावर आलो की नदीवरचा वारा शर्टाच्या गुंड्यांमधून आत शिरतो. त्या वेळी मला काच नको असते, डिक्की नको असते, काहीच नको असतं. हे तुला कसं कळलं होतं? पंचाखाली त्या व्यापाऱ्याची बोटं दाबताना तुझ्या डोक्यात काय होतं? मी समजत होतो सूड.

तेव्हा शोरूमच्या माणसाचं म्हणणं आता मला पटत नाही. आवडीची एक आणि उपयोगाची एक, असं काही नसतं. गाडीवर कोण बसणार हे आधी विचारायला हवं होतं, आणि ते दोघांनी एकमेकांबद्दल विचारलं, स्वतःबद्दल कुणीच नाही. कुणी याच्यावरून म्हणेल की, बघा, वाद मिटला. मिटला नाही. तू माझी गाडी बरोबर निवडलीस म्हणून म्हशीला झूल हा शब्द मी विसरलेलो नाही. माळशेजचा मुद्दा तुझा, सिद्धगडाचा माझा. वायपरचं उत्तर मी दिलं आहे. पुढचं उत्तर तुझ्याकडे बाकी आहे.

परत आलो तेव्हा काका अजून बसलेले. वहिनी बाहेर ओट्यावर आली होती. तिनं माझ्या हातातून किल्ली घेतली.

"गाडी ऱ्हाईल," ती काकांना म्हणाली. "काचेसकट. डिक्क्यांसकट."

"आनि चालवनार कोन? नुसती उभी करून गंजवायची?"

"मी."

वहिनी अंगणवाडीत आहे, सेविका. स्कूटर रोज चालवते, दोन पाड्यांचा पोषण आहार तिच्यावरूनच जातो. तरी काकांनी तोंड वाकडं केलं. "स्कूटर येगळी. ही झेपनार हाय का तुला?"

"दोन म्हशी झेपतात, काका. ही तर लाथ पन मारत नाय."

तेव्हा मात्र सगळाच ओटा हसला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, तुझ्या दारात. मला वाटलं कुणाला तरी खटकेल. खटकलं असेल तर असू दे. भिवंडीच्या गिऱ्हाइकाला काकांनी तिथूनच फोन लावला आणि म्हणाले, गाडी घरातच लागतेय.

त्या संध्याकाळी अंगणात तिनं गाडी वळवायचा प्रयत्न केला. जड आहे, हा तुझा मुद्दा, मी मान्य करतो. मी मागून टेकण धरलं. पहिल्यांदा ती पेरूच्या झाडापर्यंत गेली, दुसऱ्यांदा वेशीपर्यंत. उंचीनं ती तुझ्याएवढीच, काच तिच्याही हनुवटीला येते. परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. वाऱ्यानं म्हणता येणार नव्हतं. काच होती.

आज पुन्हा रविवार. पुलाजवळच्या टपरीवर एकट्यानं जावंसं वाटेना. सकाळी मुरबाडला फोन लावला. आठ वर्षांच्या सवयीनं तोंडातून तेच आलं, "येतोय."

पलीकडून वहिनी म्हणाली, "या भावजी. मी काच काढत नाय."

मी बरं म्हटलं, हेल्मेट घातलं आणि काळी बाहेर काढली. किन्हवलीच्या पुढे खाचरांत भात पोटरीला आलं आहे. रस्ता कोरडा होता, आभाळ मोकळं. गुंड्यांमधून वारा पार पाठीपर्यंत फिरत होता. छान होता वारा, अनंता. पण हे मी तुला सांगितलं नाही, असं धर.